सनस्क्रीन लावूनही त्वचा भाजते? या चुका टाळा

सनस्क्रीनची 50 ग्रॅमची ट्यूब चार महिने पुरतेय? मग चूक तिथेच आहे. ट्यूबवरचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ठरतो तो दर चौरस सेंटिमीटर त्वचेला 2 मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मानेला एका वेळी एक ते सव्वा ग्रॅम लागतं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन जाड रेघा. दिवसातून दोनदा लावलं तर ट्यूब तीन-साडेतीन आठवड्यांत संपायला हवी. वाटाण्याएवढं चोळून एसपीएफ 50 चं संरक्षण मिळत नाही. त्यापेक्षा 30 चं घ्या आणि हात सैल सोडा. त्वचा भाजणारी यूव्हीबी ही अतिनील किरणं 30 चं सुमारे 97 टक्के अडवतं, 50 चं 98. एवढ्यासाठी दुप्पट पैसे कशाला? मात्र एसपीएफचा आकडा यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांबद्दल काही सांगत नाही, त्यासाठी ट्यूबवर पीए+++ किंवा त्याहून जास्त बघा.

दुसरी चूक वेळेची. पार्किंगमध्ये हेल्मेट चढवता चढवता लावलेलं सनस्क्रीन हेल्मेटच्या अस्तराला आणि स्कार्फलाच लागतं. निघण्याच्या 15 ते 20 मिनिटं आधी लावा, थर बसू द्या. दुचाकीवर सगळ्यात जास्त भाजतात हँडलवरचे हात. नेमके तेच राहून जातात. कान आणि मानेची मागची बाजूही.

सहाला लावून सिंहगड चढलात, तर दहाला उतरताना अंगावर फारसं काही उरलेलं नसतं. दर दोन तासांनी, आणि घाम आला तर त्याआधीच, नॅपकिनने टिपून पुन्हा लावा. घाम पुसायचा नाही, टिपायचा. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे 40 किंवा 80 मिनिटं, दिवसभर नव्हे. मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. जुलैत ढग असतात म्हणून सुट्टी घेऊ नका. अतिनील किरणं ढगांतून बरीच येतात.

डोळे चुरचुरतात? घामाबरोबर क्रीम उतरतंय. डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं वापरा.

पांढऱ्या कॉलरवर धुतल्यानंतर तांबूस-पिवळे डाग उमटत असतील, तर सनस्क्रीनमधलं अ‍ॅवोबेन्झोन हे रसायन आणि पाण्यातलं लोह यांची गाठ पडलीय. बोअरच्या पाण्यात हे हमखास होतं. ब्लीच टाकलंत तर डाग आणखी गडद होतो. लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवा, मग धुवा. (लिंबू कपड्यालाच, चेहऱ्याला लावून उन्हात गेलात तर फोड येतात.)

ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथल्या उष्णतेने किरणं अडवणारे घटक खराब होतात. पिळल्यावर आधी पाणी येऊ लागलं की फेकून द्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली आणि सुती झबलं पुरे. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ऊन जास्त बाधतं, डॉक्टरांना विचारा. खाज किंवा पुरळ आलं तर ते क्रीम बंद.

भाजलंच, तर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि पाणी भरपूर प्या. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. फोड आले किंवा ताप, थंडी वाजू लागली, की त्वचारोगतज्ज्ञ गाठा.