खोसा भाषेतले तीन क्लिक: जीभ कुठं ठेवायची?

खोसा ही नेल्सन मंडेलांची मातृभाषा, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातली. क्लिक म्हणजे जीभ चिकटवून झटक्यात सोडल्यावर होणारा आवाज. खोसात तो व्यंजन म्हणून येतो आणि रोमन लिपीतल्या सी, क्यू, एक्स या अक्षरांनी लिहितात. कोल्हापुरात ती कानावर पडणं कठीण, म्हणून मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून आरशासमोर बसा.

'सी' अक्षर: जिभेचं टोक वरच्या दातांमागं चिकटवून खेचा, हळहळताना चुकचुकतो तसं. 'क्यू': टोक टाळूला लावून झटक्यात खाली आणा, खणखणीत 'टॉक' येतो. 'एक्स': टोक जागेवरच, फक्त दाढेजवळची कड सोडा. हा सगळ्यात अवघड, घाई नको.

बहुतेकजण क्लिक करून थांबतात, मग स्वर काढतात. त्यानं शब्द तुटतो. 'आ' लगेच जोडा. श्वासही आत ओढू नका, कारण ओढ तोंडातच तयार होते. तपासायला नाकातून गुणगुणत क्लिक करा. गुणगुण अखंड राहिली की जमलं.

नमस्कार एकाला 'मोलो', अनेकांना 'मोल्वेनी'.