सोलापूरहून नळदुर्ग: एका दिवसाची वाट

सकाळी सातच्या आत निघा. हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग साधारण ४५ किलोमीटर, गाडीने तासाभराचं अंतर. मी कडक भाकरी, शेंगाचटणी घरूनच बांधून नेते. किल्ल्यात सावली कमी, तेव्हा पाणी भरपूर घ्या.

ऊन चढायच्या आत उपळी बुरूज चढून घ्या. वर लांबलचक तोफा आहेत, खाली तुरीची, सोयाबीनची हिरवी शिवारं.

मग पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर दगडी धरण बांधलं आणि त्या भिंतीच्या पोटातच हा महाल. म्हणून पावसाळा सरता सरता या. धरण भरून वाहू लागलं की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. आत खिडकीशी उभं राहिलात की समोर नुसतं पाणी, आणि महाल मात्र कोरडा! चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना माझा दर वेळी मनापासून नमस्कार असतो. पायऱ्या निसरड्या असतात, मुलांचा हात सोडू नका.

परतताना उजेड उरला तर सोलापुरात सिद्धेश्वर तलावाशेजारचा भुईकोट बघा. पण त्यासाठी पाणीमहालातला वेळ कापू नका.