सेवेला निघण्यापूर्वी : आधारासाठी मंडळ्यांना आणि मित्रांच्या घरी भेटी कशा द्याव्यात

अहिल्यानगर, जालना किंवा सोलापूरकडच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या एखाद्या तरुणाची परराज्यातील सुवार्तेच्या सेवेसाठी निवड होते आणि संस्था त्याला सांगते की, मासिक खर्चाचा काही भाग तुम्ही आपल्या ओळखीच्या मंडळ्या, नातलग आणि मित्र यांच्याकडून उभा करावा. इथे पुष्कळांचे पाय अडखळतात. पैशाचा विषय काढण्याचा आपल्याकडे मोठा संकोच असतो. त्यामुळे माणूस भेटीला जातो आणि काही न बोलता चहा घेऊन परत येतो, किंवा इतके आडून बोलतो की यजमानाला नेमके काय हवे आहे हेच कळत नाही. प्रेषित पौलाने असा आडपडदा ठेवला नव्हता. आपण स्पेनला जाणार आहोत, वाटेत तुमची भेट घेऊ आणि तुम्ही आपल्याला पुढे पोचते करावे, ही अपेक्षा त्याने रोमच्या मंडळीला पत्रातच कळवली (रोमकरांस १५:२४).

आधी आकडा आणि कागदपत्रे

संस्थेकडून मासिक गरजेचा तपशील लेखी घ्यावा : घरभाडे, जेवणखाण, प्रवास, औषधोपचार, मुलांचे शिक्षण, नवी भाषा शिकण्याचा खर्च. समजा, ही रक्कम २४,००० रुपये झाली. दहा घरांनी प्रत्येकी १,०००, वीस घरांनी प्रत्येकी ५०० आणि दोन मंडळ्यांनी प्रत्येकी २,००० रुपये दिले तर ती पुरी होते. अशी मांडणी केली की डोंगराएवढा वाटणारा आकडा बत्तीस भेटींचा होतो, आणि ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे किती मागायचे हेही ठरते.

एकदाच मिळणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा ठरलेल्या मुदतीचा लहान आधार अधिक मोलाचा असतो, असे माझे ठाम मत आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे आधार देण्याचे मान्य केले, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आपणही ‘तीन वर्षे, दरमहा’ असे स्पष्ट विचारावे.

देणगी संस्थेच्या खात्यातच जमा व्हावी. स्वतःचा यूपीआय क्रमांक देऊ नये. परदेशातील नातलगांविषयी विशेष काळजी घ्यावी. भारतीय पासपोर्ट असलेल्या नातलगाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरत नाही. मात्र ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याने संस्थेच्या कामासाठी दिलेली देणगी २०१० च्या विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याखाली येते, आणि ती त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेच्या नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. प्राप्तिकरात सवलत मिळेल असेही आपणहून सांगू नये. विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थांना दिलेल्या देणगीवर ही सवलत सहसा लागू होत नाही.

मंडळीची भेट

प्रथम पाळकसाहेबांना भेटावे, तेही किमान महिनाभर आधी आणि संस्थेचे पत्र घेऊन. त्यांना न विचारता सभासदांच्या घरी फिरणे हा मंडळीचा अवमान आहे. डिसेंबर महिना आणि ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह टाळावा, कारण तेव्हा मंडळी स्वतःच्या कार्यक्रमांत गुंतलेली असते. कापणीच्या सणाचा दिवसही टाळावा. त्या दिवशीचे दान आणि लिलावाची रक्कम मंडळीच्या निधीची असते.

उपासनेत सात मिनिटे मिळाली तर सातच मिनिटे बोलावे. संस्थेचा सगळा इतिहास सांगण्यापेक्षा आपल्याला पाचारण कसे झाले आणि ज्या लोकांत जायचे आहे त्यांचे जगणे कसे आहे, एवढेच सांगावे. त्या लोकांचे, विशेषतः मुलांचे, फोटो त्यांच्या संमतीशिवाय पडद्यावर दाखवू नयेत. पाळकांनी परवानगी दिली असेल तरच पैशाची गरज बोलून दाखवावी; एरवी प्रार्थनेची विनंती करून थांबावे.

महिला मंडळाची वेळ मात्र आवर्जून मागून घ्यावी. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० च्या सुमारापासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढत आल्या आहेत. ‘बुहफाई थाम’ नावाच्या या प्रथेतून जमलेल्या तांदळाच्या विक्रीवर तिथल्या मंडळ्यांचे सुवार्ताकार्य मोठ्या प्रमाणात उभे राहिले.

मित्राच्या घरी

भेटीचे कारण फोनवरच सांगावे. ‘सहज आलो होतो’ असे म्हणून बसल्यावर पैशाचा विषय काढला तर ती मित्राची फसवणूक होते. फोनवर असे बोलता येईल : ‘दादा, मी जूनपासून ओडिशात सेवेला निघालो आहे. त्याविषयी तुमच्याशी आणि वहिनींशी बोलायचे आहे, दरमहा मदतीचेही विचारायचे आहे. शनिवारी संध्याकाळी आलो तर चालेल का?’ ज्याला हा विषय नको असेल त्याला नकार देण्याची वाट इथेच मोकळी राहते.

माझ्या पहिल्याच फेरीत मी एका जुन्या मित्राकडे असा फोन न करता गेलो. त्याचे मेहुणे पाहुणे म्हणून आलेले होते आणि मी त्यांच्यादेखत विषय काढला. त्याने तत्काळ पाचशेची नोट हातावर ठेवली. त्यानंतर बरेच महिने त्याने माझा फोन घेतला नाही. तेव्हापासून नवराबायको दोघेही घरी असल्याशिवाय आणि तिसरे कोणी नसल्याची खात्री झाल्याशिवाय मी विचारत नाही.

गेल्यावर आधी त्यांची विचारपूस करावी : आईचे गुडघे, मुलाची दहावी, शेतातले पाणी. मग आपले सांगावे आणि शेवटी आकडा घेऊन विचारावे : ‘तीन वर्षे दरमहा ५०० रुपये देणे तुम्हाला जमेल का?’ विचारून झाल्यावर गप्प राहावे. ती शांतता जड वाटते म्हणून आपणच ‘नाही जमले तरी हरकत नाही’ असे म्हणून प्रश्न मागे घेऊ नये. त्यांनी वेळ मागितला तर द्यावा, फोन कधी करू ते ठरवून घ्यावे आणि त्या दिवशी तो न चुकता करावा.

हिंदू, बौद्ध, मुसलमान मित्रही आपुलकीने मदत करू पाहतात. त्यांना आपले काम काय आहे हे पूर्णपणे सांगावे. सुवार्तेच्या सेवेला नुसते ‘समाजकार्य’ म्हणून त्यांच्याकडून पैसे घेणे हे मैत्रीला आणि सुवार्तेलाही न शोभणारे आहे.

एखाद्या वृद्ध विधवेने ऐपतीबाहेरची रक्कम सांगितली तर तिचे दान नाकारून तिचा मान दुखवू नये. दरमहाच्या ऐवजी वर्षातून एकदा द्या, असे सुचवावे.

भेटीनंतर

त्याच रात्री वहीत नाव, तारीख, ठरलेली रक्कम आणि त्या घराची प्रार्थनाविनंती लिहून ठेवावी. रोख मिळालेले पैसे न मोडता संस्थेत भरावेत, पावती पोचवावी आणि आठवड्याच्या आत आभाराचे पत्र लिहावे. यरुशलेमच्या मंडळीसाठी वर्गणी नेताना कोणी दोष लावू नये म्हणून पौलाने सोबत इतर बंधू नेमून घेतले होते (२ करिंथकरांस ८:१८-२१). आपण निदान हिशेब तरी दुसऱ्याकडून तपासून घ्यावा.

पौल आणि बर्णबा पहिल्या फेरीनंतर अंत्युखियास परतले, मंडळी जमवली आणि देवाने काय केले ते सांगितले (प्रेषितांची कृत्ये १४:२७). पहिल्या रजेत आपणही त्या बत्तीस ठिकाणी जावे, आणि ज्यांनी नाही म्हटले होते त्यांच्याकडेही. या भेटीत देणगीची पत्रके पिशवीत ठेवू नयेत. तिथल्या शेतातले मूठभर तांदूळ किंवा तिथल्या भाषेत शिकलेले एखादे भजन घेऊन जावे.