सोलापुरात काढण्यासारखं काय आहे? हौशी फोटोग्राफरांनो, या चुका टाळा

नवा कॅमेरा घेतलेला माणूस लगेच ओळखू येतो. गळ्यात कोरा पट्टा, पाठीवर कॅमेऱ्यापेक्षा मोठी बॅग, आणि तोंडात ठरलेला प्रश्न: "काका, सोलापुरात काढण्यासारखं काय आहे हो? हंपीला जायचा विचार चाललाय." रविवारी सकाळी आमच्याबरोबर फिरायला येणाऱ्या पोरांकडून हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

लोकेशनच्या मागे लागणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हंपीला जरूर जा, विजापूरचा गोलघुमट बघा, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षातून दोन सहलींपुरता बाहेर निघणारा कॅमेरा हाताला बसत नाही. तिथं पोचल्यावर पहिला तास कोणतं बटण कुठं आहे हे शोधण्यात जातो, आणि घरी येतात ते फोटो आधीच हजार जणांनी काढलेले असतात. मग सहा महिन्यांत "आता वेळच मिळत नाही" म्हणून कॅमेरा विकायला निघतो. वेळ नसतो असं नाही. घरापासून चौकापर्यंत बघायची सवयच लावलेली नसते.

आणि काढण्यासारखं काय आहे म्हणता? सिद्धेश्वर तलावाच्या काठी सकाळी उभे राहा. एका अंगाला देऊळ, दुसऱ्या अंगाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी, मधल्या पाण्यात दोन्ही. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत जा, दारात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं सगळं बोलता बोलता, हाताकडे न बघता. कडक भाकरीच्या चळती आहेत. उखळात कुटली जाणारी शेंगाचटणी आहे. चादरीवरच्या नक्षीत धागा तुटला की माग थांबवून तो जोडणारी बोटं आहेत. यातलं काहीही बघायला तिकीट लागत नाही.

माझी रीत साधी आहे: एक जागा, एकच लेन्स, एक तास. दुसरी लेन्स घरीच ठेवायची, नाहीतर सगळा वेळ बदलाबदलीत जातो. पहिला पाव तास आजूबाजूचे तुमच्याकडेच बघतात, "कुठल्या पेपरचे?" विचारतात. बसून राहायचं, चहा घ्यायचा. मग त्यांना तुमचा कंटाळा येतो, ते आपापल्या कामाला लागतात, आणि तेव्हा कुठं काढण्यासारखं काही दिसायला लागतं. अडचण एवढीच की नव्या पोरांना तो पहिला पाव तासच सोसत नाही. तीन मिनिटांत "काका, इथं काय नाय" म्हणून गाडीला किक.

विचारल्याशिवाय लांबून झूम लावून बायकांचे फोटो काढणं ही तर चूकही नव्हे, निव्वळ आगाऊपणा आहे. "अक्का, फोटो काढू का?" एवढं विचारा. पूर्व भागात तेलुगूत विचारलंत तर आधी हसतील, मग हो म्हणतील. नाही म्हणाल्या तर नमस्कार करून पुढं चला.

आता माझ्या दुसऱ्या लाडक्या चुकीकडे येतो. सारखं स्क्रीनकडे बघणं. याच्याच पोटात बटण दाबून धरून धडाधड फोटो काढणंही येतं, कारण दोन्हीचं मूळ एकच: अधीरपणा.

गड्डा यात्रेतला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतला किस्सा सांगतो. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दिवशी आमच्यातला एक जण पहाटेच कॅमेरा घेऊन आला. पोरगा हुशार, कॅमेरा माझ्यापेक्षा दुप्पट किमतीचा. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक सुरू झाली आणि याचं बोट बटणावरून उठेना. एकेका काठीचे शंभर शंभर फोटो, आणि प्रत्येक फैरीनंतर मान खाली, स्क्रीनवर मोठं करून डोळे फोकसमध्ये आहेत का बघणं. मी दोनदा बोललो. "काका, कार्ड चौसष्ट जीबीचं आहे," म्हणाला. वर रॉ आणि जेपेग दोन्ही चालू, म्हणजे एकेक फोटो दोन प्रकारांत साठणार! लग्न लागतं त्या संमती कट्ट्यापाशी पोचेपर्यंत कार्ड भरलं. जादा कार्ड घरी. साहेब गर्दीतच मान खाली घालून एकेक फोटो पुसत बसले. इकडे संमती वाचन, म्हणजे लग्नाचे मंत्र सुरू झाले, "दिड्डम दिड्डम"चा गजर झाला, हजारो हात एकदम वर गेले, अक्षता उडाल्या. याची मान वर आली तेव्हा लोक डोक्यावरचे तांदूळ झटकत होते. सोहळ्याचा फोटो नाहीच, शिवाय घाईत मिरवणुकीतला एकुलता एक बरा फोटोही पुसला गेला. रात्री मला फोन, पुसलेले फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर कुठलं म्हणून. मी म्हटलं, पहिलं काम कार्ड बाहेर काढून ठेव. पुसलेले फोटो बऱ्याचदा परत मिळतात, पण त्यावर नवे फोटो लिहिले गेले नसतील तरच. याने तोवर संध्याकाळी कार्ड फॉरमॅट करून यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाचे फोटो काढायचा सराव म्हणून घरच्या गच्चीवरचे दिवे काढले होते.

फोटो गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. तो पोरगा अक्षतेला हजर असून त्यानं अक्षता पाहिली नाही, हे जास्त लागलं. म्हणून मी फोटो काढल्यावर आपोआप स्क्रीनवर दिसायची सोय बंद करून ठेवतो. सेटिंगमध्ये ती असते. सुरुवातीला एक फोटो काढून उजेड तपासायचा, मग उजेड बदलेपर्यंत मान खाली घालायची नाही. एका वेळी एकच क्लिक. पुसापुशी दुसऱ्या दिवशी, मोठ्या पडद्यावर. आणि दोन छोटी कार्डं बरी, एक मोठं नको.

त्याच यात्रेत दिसणारी आणखी एक गोष्ट: पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा जुन्या पद्धतीचा अंगरखा, फोटोत मळकट का येते? कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकट पांढऱ्यानं भरली की तो उजेड कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड हातानं कमी-जास्त करायची सोय, पाऊण ते एक स्टॉप वर घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). काळं घोंगडं चौकटभर असेल तर तेवढंच खाली. मात्र सावलीतल्या गर्दीत एकटाच बाराबंदीवाला उन्हात उभा असेल तर उलटं होतं, तो जळून जातो, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. तेव्हा उजेड कमीच करा. हे सगळं ऑटोवर सोडून नंतर ॲपमध्ये "ब्राइट" ओढणारे बरेच आहेत. पांढरं एकदा जळलं की ॲपच्या बापाला परत आणता येत नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात, तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मिणमिणतात. शटर 1/500 वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेलं, त्यात आवाज बंद करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, की पट्टे आलेच. 1/100 किंवा 1/50 ठेवा. धोट्याची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या तुकड्याची धावपळ दाखवायची तर 1/15 वर या, खांबाला टेकून श्वास रोखा: माग स्थिर दिसतो, धोट्याची नुसती रेघ उमटते. शेडमध्ये लेन्स बदलू नका, कापसाची कुसं थेट सेन्सरवर जाऊन बसतात. आणि तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर दीड-दोनशे रुपयांना मिळतो.

दुपारच्या उन्हात माणसांचे फोटो काढू नका. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. माणसाला दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागं बसवा आणि तोंड बाहेरच्या उजेडाकडे करा. पूर्व भागातल्या जुन्या घरांच्या दारात असा मऊ उजेड मिळतो की स्टुडिओवाल्यानं हेवा करावा. सोनेरी उजेडाची वाट बघत अख्खा दिवस झोपून काढणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात. काढण्याआधी लेन्स पुसा, खिशातल्या घामानं निम्मे फोटो धुरकट येतात. दोन बोटांनी फार ताणून झूम करू नका, दोन पावलं पुढं जा.

प्रीसेट, म्हणजे फोटोवर एका टिचकीत चढणारे तयार रंग, विकत घेऊ नका. भगवं-निळं करून टाकलेली सोलापूरची माती बघून मला कोणतं गाव तेच कळत नाही.

शेवटची चूक म्हणजे फोटो फोनमध्येच मरू देणं. महिन्यातून मोजके निवडून चार बाय सहाच्या प्रिंट काढा आणि ज्यांचे फोटो काढले त्यांना नेऊन द्या. पुढच्या वेळी परवानगी विचारावी लागत नाही, उलट "माझ्या नातीचा काढ की" म्हणून आतून हाक येते. प्रिंट मॅट कागदावरच घ्या. ग्लॉसीवर तेलाच्या हाताचे ठसे उठतात, आणि शेंगाचटणीच्या दुकानात फोटो दिलात तर पहिल्याच दिवशी उठतात.