वर्गात तीन भाषा असतील तर: नवीन शिक्षकांसाठी

टीईटी, टेट या शिक्षकांच्या परीक्षा, मग भरतीचं पवित्र पोर्टल, हे सगळं पार करून सांगलीच्या जत तालुक्यात किंवा कर्नाटक सीमेलगत कुठं नेमणूक झाली असेल तर हे तुमच्यासाठी. गाईडात बहुभाषिक वर्ग म्हणजे एका मार्काचा प्रश्न, पर्याय पाठ केला की झालं, आणि गाईडावर माझा तेवढाच विश्वास आहे. इथं मराठी माध्यमाच्या एकाच खोलीत घरी कन्नड बोलणारी पोरं, तांड्यावरची गोरमाटी (म्हणजे लमाणी, बंजारा लोकांची भाषा) बोलणारी पोरं, आणि दिवाळी झाली की टोळीबरोबर वाळवा-कराडकडं ऊसतोडीला जाणारी पोरं असतात.

आता खरा खड्डा. सुरुवातीची चाचणी. मी यातच अडकले म्हणून जरा लांबण लावते. पेपर मराठीत, गणिताचं उदाहरण मराठीत, पोरगं नुसतं बघत बसतं, आपण शून्य देतो आणि नाव अप्रगतच्या यादीत जातं. पुढच्या गुरुजींना ती यादीच आधी मिळते, मग वर्षभर मागच्या बाकावर अक्षरं गिरवणं. तेच पोरगं आठवडी बाजारात आईशेजारी बसून सुट्टे पैसे बिनचूक परत देतं. म्हणून तेच उदाहरण तोंडी घ्या, त्याच्या भाषेत, चिंचोके मांडून. जमलं तर गणित येतंय, मराठी वाचन शिकवायचंय. वहीत दोन वेगळे रकाने करा, एकात कोंबू नका, खरंच नका.

त्याची भाषा आपल्याला येत नाही, मग? खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारा, वरच्या वर्गातल्या ताईला बसवा. माझ्या मते कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मावशी मोठ्या गुरू. आणि गोरमाटी पोरांशी हिंदीत बोललं की भागेल असं समजू नका. 2011 च्या जनगणनेत लमाणी हिंदीखाली मोजलीय, पण पहिलीतल्या पोराला त्या हिंदीचा काही उपयोग नाही.

वेशभूषा स्पर्धेत लमाणी घागरा, ग्रुपवर फोटो, झालं बहुसांस्कृतिक शिक्षण, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. त्याच पोरीला दुसऱ्या दिवशी वर्गात "मराठीतच बोल" म्हणून दरडावलं तर ती गप्पच बसणार.

घाबरू मात्र नका, कायदा आपल्या बाजूनं आहे. घटनेचं कलम 350अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं, आरटीई 2009 चं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 29 पण शक्यतो मातृभाषाच म्हणतं. ऊसतोडीवरनं आलेल्या पोराचा दाखला उशिरा येतो म्हणून प्रवेश अडवत असतील तर आरटीईचंच कलम 5 दाखवा, शांतपणे. आणि मराठी येते हो पोरांना, दिवाळीपर्यंत बोलायला लागतात, फक्त तोवर त्यांना ढ ठरवू नका.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाची घरची भाषा लिहून काढा. पण आईला विचारून, कारण पोरं लाजून "मराठी" सांगतात.