एक्स-रे सुरक्षेसाठी सरकारविरुद्ध याचिका करताय? या चुका टाळा

एक्स-रे केंद्रांवर किरणोत्सर्ग सुरक्षेचे नियम सरकार पाळून घेत नाही, म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका करायची ठरली, की पहिला मसुदा बहुधा भीतीनेच भरलेला असतो. ‘जनतेचं आरोग्य धोक्यात आहे, योग्य ती कारवाई व्हावी.’ यावर सरकारचं उत्तर तयार असतं: नियम आहेत, यंत्रणा आहे, काम चालू आहे. याचिका तिथेच अडते.

म्हणून कोणता नियम मोडला जातोय आणि तो पाळून घेणं कोणाचं काम आहे, हे आधी पक्कं करा. अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियम २००४ चे आहेत. परवाना आणि नोंदणीचं काम अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं. याचिका दाखल करण्याआधी नियमांची चालू आवृत्ती वाचा. मोबाइल टॉवरची तक्रार यात मिसळू नका. तो विषय दूरसंचार विभागाचा, आणि त्या लहरी वेगळ्या जातीच्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘या मशीनमुळेच कॅन्सर झाला’ हे सिद्ध करायला जाणं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी पदार्थामुळे माणसं भाजली, एकाचा जीव गेला. तिथे कारण समोर होतं. कमी मात्रेच्या किरणांचं तसं नसतं. वर्षांनंतर झालेला कॅन्सर नेमका कशाने झाला, हे एका रुग्णापुरतं सांगणं डॉक्टरांनाही जमत नाही. तुम्हाला ते सांगायची गरजही नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) ही मर्यादा आखलेली आहे. मशीन नोंदणीविना चालतंय, तंत्रज्ञाला डोस मोजणारा टीएलडी बॅज दिलेला नाही, एवढं कागदावर दाखवता आलं तरी कर्तव्यात कसूर दिसते. नुकसानभरपाईची लढाई वेगळी, ती वेगळीच लढा.

हे कागद आधी मिळवा. वर्तमानपत्राची कात्रणं पुरत नाहीत. माहिती अधिकारात अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं तर तेही जोडा. संबंधित अधिकाऱ्याला लेखी मागणी करून पोच घ्या. मागणीच केली नव्हती, या एका मुद्द्यावर याचिका फेटाळली जाऊ शकते.

आता मागणीचं कलम, म्हणजे न्यायालयाकडे नेमकं काय मागायचं तो याचिकेतला भाग. इथे मला फार पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय उभारायला सांगितलं होतं. २०१२ च्या कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात काय निघालं? २८ राज्यांपैकी फक्त केरळ आणि मिझोराममध्ये ते होतं. आणि देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे मशीनपैकी ५२,१७३ नोंदणीविना चालू होती. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश अकरा वर्षं कागदावर पडून राहिला, आणि रोज त्या खोल्यांमध्ये माणसं उभी राहत होती, गरोदर बायकाही.

तेव्हा नुसता ‘आदेश द्यावा’ असं मागू नका. मुदत मागा, जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम मागा, दर तीन महिन्यांनी अनुपालनाचं प्रतिज्ञापत्र मागा, आणि तोवर याचिका निकाली काढू नये असंही लिहा. आदेश मोडला गेला तर अवमान याचिकेसाठी एकच वर्ष मिळतं. आदेश पाळायची मुदत कधी संपते, ती तारीख आदेश हातात आला त्याच दिवशी टिपून ठेवा.