घरात साप निघाला तर: पावसाळ्याआधीची तयारी

मृग लागण्यापूर्वी कौले चाळून घेतो आणि सरपण आडोशाला नेतो, त्याच दिवसांत चार दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत कागदावर लिहून तो कागद घरातल्या सर्वांना दिसेल अशा ठिकाणी चिकटवावा. पहिला वनविभागाच्या परिचयातील जवळच्या सर्पमित्राचा, दुसरा महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या मदतवाहिनीचा, तिसरा १०८ या रुग्णवाहिकेचा आणि चौथा तालुक्याच्या रुग्णालयाचा. चौथ्या क्रमांकावर आधीच एकदा फोन करून सर्पदंशावरील प्रतिविष तेथे आहे का आणि रात्री डॉक्टर हजर असतात का, हे विचारून घ्यावे. कारण सर्वांत जवळचा दवाखाना आणि प्रतिविष मिळणारा सर्वांत जवळचा दवाखाना हे पुष्कळदा एक नसतात.

घराची पाहणी मोरीपासून सुरू करावी. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, दाराखाली करंगळी शिरेल एवढीही फट ठेवू नये, चिरे, नारळाच्या सोडणांचा ढीग आणि गोवऱ्या भिंतीला टेकून रचू नयेत आणि धान्याच्या कणग्यांभोवती उंदीर फिरत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा. कार्बोलिक ॲसिड, फिनेल, मीठ किंवा लसूण यांवर पैसे घालवू नयेत. त्यांनी साप दूर राहत नाही आणि ॲसिडने मुले मात्र भाजू शकतात.

झोपण्याच्या व्यवस्थेबद्दल अधिक काटेकोर असावे. मण्यार, म्हणजे कोकणातली कांडर, रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश अनेकदा कळतही नाही. खूण दिसेल न दिसेल अशी असते आणि पहाटे पोटदुखी सुरू होऊन पापण्या जड होऊ लागतात. म्हणून पावसाळ्यात तरी खाटेवर झोपावे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात आणि उशाशी चार्ज केलेली विजेरी ठेवावी. मोबाइलचा उजेड अंगणात फारसा पुरत नाही, हे अनुभवाने सांगतो.

साप दिसल्यावर कोणी काय करायचे हेही आधीच वाटून ठेवावे. एकाने मुलांना आणि कुत्र्याला बाहेर न्यावे, दुसऱ्याने फोन करावा आणि तिसऱ्याने, जो सर्वांत शांत असेल त्याने, दहा-बारा फुटांवर उभे राहून सापावरची नजर हलू देऊ नये. हे तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण दिसणाऱ्या सापापेक्षा फडताळामागे नाहीसा झालेला साप घराला अधिक छळतो. आमच्याकडे जूनमधल्या एका रात्री स्वयंपाकघरात साप निघाला, तेव्हा सगळेच काठी शोधायला धावले, आणि परतलो तोवर ओट्याखाली केवळ ओली फरशी उरली होती. गोणपाटे, डबे, पाटा-वरवंटा असे एकेक हलवत दोन तास गेले. ज्या खोलीत साप आहे तिचे आतले दार लावून फटीत जुनी चादर कोंबावी, बाहेरचे दार मात्र उघडे ठेवावे. वाट मिळाली तर तो बहुधा स्वतःच निघून जातो. काठी उगारू नये. साप मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो, हे एक. आणि मारायला गेलेल्यालाच दंश होतो, हे दुसरे.

आमच्याकडचा साप कवड्या निघाला. तो बिनविषारी, पण मण्यारीसारखाच दिसणारा. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, तर मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे अधिक ठसठशीत होतात. ही ओळख सर्पमित्राला फोनवर वर्णन सांगण्यापुरतीच वापरावी, तिच्या भरवशावर कोणीही हात घालू नये.

दंश झालाच तर वेळ लिहून ठेवावी, अंगठ्या, बांगड्या आणि जोडवी लगेच उतरवावीत, हातापायाला लाकडी पट्टी सैलसर बांधून तो हलू देऊ नये आणि माणसाला चालायला न लावता उचलून गाडीत घालावे. आवळून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने रक्त ओढणे आणि मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. साप पकडून सोबत नेण्याची गरज नसते. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर दिले जाते. रुग्णालयात रक्त काचेच्या नळीत घेऊन ते वीस मिनिटांत गोठते का, हे पाहतात आणि लक्षणे नसली तरी रुग्णाला देखरेखीखाली ठेवून घेतात. तेव्हा घरी सोडा म्हणून हट्ट धरू नये.

साप नेल्यावर सर्पमित्राला तो कोठून शिरला असावा, हे जरूर विचारावे. आमच्या सर्पमित्राने विजेरीचा झोत सरळ मोरीवर टाकला. जाळी मे महिन्यातच आणली होती. ती माळ्यावर, दुकानातल्या कागदात तशीच गुंडाळलेली होती.